मुलासाठीं कुत्रा

मुलाला पांचवें-सहावें वर्ष लागलें, कीं आमच्या मध्यमवर्गीय घरांतून एक प्रश्न हटकून उपस्थित होतो. घरांत कुत्रा आणावा कीं आणूं नये, हा तो प्रश्न. वरकरणीं तो क्षुल्लक दिसतो, आणि अन्नवस्त्राचे, शिक्षणाचे व बेकारीचे प्रश्न देशापुढें उभे असतां एखाद्या मासिकानें कुत्र्याच्या पिलावर चार पानें खर्चीं घालावीं याचें कांहीं वाचकांस हसूंहि येईल. त्यांनीं तें खुशाल हसावें. ज्या निर्णयानें एका मुक्या जीवाचें दहा-तेरा वर्षांचें सबंध आयुष्य ठरतें, आणि आपल्याहून दुर्बळ असलेल्याशीं कसें वागावें याचा पहिला धडा ज्यांतून मुलाला मिळतो, तो निर्णय क्षुल्लक मानण्यास आम्ही तयार नाहीं. शिवाय तो आमच्याकडे ज्या रीतीनें घेतला जातो ती रीत इतकी सदोष आहे, कीं तिचा समाचार घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

या वादांत घरोघरीं दोन पक्ष पडलेले असतात. पहिला पक्ष बहुधा आजी-आजोबांचा. कुत्रें ओवळें, त्याचे केस अन्नांत पडतात, तें देवघराकडे जाईल, आणि हें सारें साहेबी थेर आहे, असें त्याचें म्हणणें. दुसरा पक्ष आईबापांचा. कुत्रा आणल्यानें मुलाला जबाबदारी कळेल, त्याच्या अंगीं भूतदया बाणेल, आणि एकुलत्या एका मुलाला घरांत सोबत होईल, असें तो म्हणतो. आमचें दोघांशींहि भांडण आहे. पण दुसऱ्याशीं अधिक आहे. पहिल्याच्या नकारानें फार तर एका मुलाचा हिरमोड होतो. दुसऱ्याच्या होकाराची किंमत कुत्र्याला मोजावी लागते.

पहिल्या पक्षाचें उत्तर थोडक्यांत देऊं. कुत्र्याविषयींची ममता विलायतेहून उसनी आणलेली आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं महाभारताचें आदिपर्व उघडून पाहावें. यज्ञाच्या जागीं आलेल्या एका कुत्र्याला जनमेजयाचे भाऊ विनाकारण मारतात. तो रडत आपल्या आईकडे, सरमेकडे जातो. आणि ती देवांची कुत्री यज्ञमंडपांत येऊन विचारते, कीं माझ्या मुलानें हविर्द्रव्याकडे पाहिलें नाहीं, तें चाटलें नाहीं, मग त्याला मार कशासाठीं? राजकुलापाशीं याचें उत्तर नसतें, आणि तिचा शाप त्यांस ऐकून घ्यावा लागतो. त्याच ग्रंथाच्या अखेरीस, महाप्रस्थानिक पर्वांत, मागोमाग आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गाच्या रथांत चढण्याचें युधिष्ठिर नाकारतो. दत्तात्रेयाच्या पायांशीं कुत्रे आहेत, खंडोबाच्या बरोबर कुत्रा आहे. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणाऱ्या नामदेवाची गोष्ट याच आजी नातवंडांस सांगत आल्या आहेत. साताऱ्याजवळ माहुलीस शाहूछत्रपतींच्या कुत्र्याची समाधि दाखवितात. आणि मुंबईंत १८३२ च्या जून महिन्यांत बेवारशी कुत्र्यांच्या कत्तलीविरुद्ध पारशी लोकांनीं दंगा केला, ही इतिहासांतील गोष्ट आहे. वैश्वदेवाच्या वेळीं कुत्र्याचाहि घांस काढून ठेवण्याची चाल ज्या समाजांत होती, त्यानें कुत्र्याला परका म्हणणें शोभत नाहीं. आतां स्वच्छतेचा आक्षेप राहिला. तो मात्र खरा आहे. कुत्र्याच्या विष्ठेंतून जंतांचीं अंडीं पसरतात आणि मातींत खेळणाऱ्या मुलाच्या पोटांत जाऊं शकतात. पण पिलाला लहानपणीं दर पंधरवड्यास व पुढें ठराविक मुदतीनें जंतांचें औषध देणें, विष्ठा वेळच्या वेळीं उचलणें आणि मुलाला हात धुण्याची संवय लावणें हे त्यावरचे उपाय आहेत. उपाय असलेल्या गोष्टीला कोणी विटाळ म्हणूं नये.

आतां दुसरा पक्ष. त्याचा मुख्य मुद्दा जबाबदारीचा, आणि तो ऐकावयास फार गोड आहे. परंतु त्यापुढें दिनचर्येचा हिशेब मांडला, कीं त्यांतील गोडी उतरते. आठ आठवड्यांचें पिलूं दर दोन-तीन तासांनीं लघवी करतें; रात्रींहि करतें. तें मोठें झालें म्हणजे त्याला दिवसांतून दोन-तीन वेळां बाहेर न्यावें लागतें, आणि मुंबईचा आषाढ असला तरी त्यांत खाडा चालत नाहीं. सहा वर्षांच्या मुलाचें वजन सुमारें वीस किलो. भरलेल्या लॅब्रॅडॉरचें तीस किलो. ज्या मुलाला आपण एकट्यानें रस्ता ओलांडूं देत नाहीं, त्याच्या हातीं त्याच्या दीडपट वजनाच्या जनावराची साखळी द्यावयाची, अशी ही योजना आहे! अर्थात् तसें कोणीच करीत नाहीं. मग फिरवितो कोण? लसीच्या तारखा कोण लक्षांत ठेवतो? फरशी कोण पुसतो? दवाखान्यांत रांग कोण लावतो? बहुतेक घरांत या सर्व प्रश्नांचें उत्तर एकच येतें, आणि तें म्हणजे मुलाची आई. आणि जेथें आई नाहीं तेथें घरकामाची बाई, जिच्या पगारांत या कामाची एक दमडीहि वाढविलेली नसते. बाप मुलाला वचन देतो, मूल आनंदानें उड्या मारतें, आणि वचन पाळण्याचें काम तिसऱ्याच माणसाच्या गळ्यांत पडतें. ज्या बाईनें सकाळीं डबे करावयाचे, कचेरी गांठावयाची, संध्याकाळीं मुलाचा अभ्यास घ्यावयाचा, तिला या निर्णयांत कोणी मत विचारलें असतें, तर पुष्कळ घरांतील कुत्रे आलेच नसते, आणि जे आले असते ते सुखांत राहिले असते.

या सगळ्यांतून मूल काय शिकतें, याचाहि विचार करावा. पहिले पंधरा दिवस तें कुत्र्याला भरवितें; महिन्यानें त्याला हांक मारावी लागते; तिसऱ्या महिन्यांत शाळा, शिकवणी आणि खेळ यांतून त्याला सवड मिळत नाहीं. यांत मुलाचा दोष नाहीं. सहा वर्षांच्या मनाचा धर्मच तो आहे. दोष त्या मनावर वर्षानुवर्षांचें ओझें टाकूं पाहणाऱ्यांचा आहे. जबाबदारी म्हणजे जी आपण घ्यावयाची व दुसऱ्यानें पार पाडावयाची, असा जर मुलाचा समज झाला, तर तो समज त्याला कुत्र्यानें दिलेला नसतो. मुलें जबाबदारी शिकतात ती मोठ्यांना ती वाहतांना पाहून. भर पावसांत छत्री घेऊन कुत्र्याला खालीं नेणारा बाप मुलाच्या दृष्टीस रोज पडत असेल, तर वेगळ्या शिकवणीची गरज नाहीं. आणि तसा बाप घरांत नसेल, तर कुत्रा आणून ती उणीव भरून निघत नाहीं.

सोबतीचा मुद्दा याहून नाजूक आहे. वाड्यांतील व चाळींतील मुलाला खेळगडी शोधावे लागत नसत. आजच्या बंद दाराच्या बिऱ्हाडांत एकटें मूल खरोखरच एकटें असतें, आणि कुत्रा हा उत्तम सोबती आहे याविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. पण कुत्रा हाहि सोबतीचा भुकेला प्राणी आहे, हें कोणी ध्यानीं घेत नाहीं. नवरा-बायको दोघेंहि सकाळीं आठला बाहेर पडतात, मूल शाळेंतून पाळणाघरांत जातें, आणि कुत्रा गॅलरींत बांधलेला दिवसभर भुंकतो. मग शेजारी तक्रार करतात आणि गृहनिर्माण संस्थेच्या सभेंत रणकंदन माजतें. एकटेपणावर औषध म्हणून आणलेला प्राणी स्वतःच एकटेपणानें वेडापिसा होतो. ज्या घरांत मुलाशीं बोलावयास सवड नाहीं, त्या घरांत कुत्र्याला फिरविण्यास ती कोठून येणार? अशा आईबापांनीं कुत्र्याला जो तास द्यावयाचा ठरविला असेल, तो आधीं मुलाला देऊन पाहावा. कित्येक हट्ट तेवढ्यानेंच मिटतील.

यापुढील मुद्दा जिवाचा आहे. लहान मुलांस होणारे चावे बहुतकरून ओळखीच्या, पुष्कळदां घरच्याच कुत्र्याचे असतात, आणि मुलाची उंची बेताची असल्यामुळें ते तोंडावर व मानेवर होतात. कुत्रा एकाएकीं चावला असें आपण म्हणतों. पण एकाएकीं तो क्वचितच चावतो. आधीं तो मान फिरवितो, ओंठ चाटतो, अंग ताठ करतो, मग गुरगुरतो. मोठ्या माणसाला यांतील एखादी खूण तरी समजते. चार वर्षांच्या मुलाला एकहि समजत नाहीं. तें जेवणाऱ्या कुत्र्याच्या ताटलींत हात घालतें, झोपलेल्याच्या अंगावर पडतें आणि प्रेमानें त्याच्या गळ्याला मिठी मारतें. आणि मिठी ही माणसाची भाषा आहे, कुत्र्याची नव्हे. त्यावर घरांतील मोठीं माणसें गुरगुरल्याबद्दल कुत्र्यालाच मारतात, म्हणजे त्यानें दिलेली सूचना देण्याचें त्याला विसरावयास लावतात. पुढच्या वेळीं तो सूचना न देतां चावतो. म्हणून लहान मूल आणि कुत्रा यांना, तो कितीहि गरीब असो, मोठ्या माणसाच्या नजरेआड एका खोलींत ठेवूं नये, हा नियम ज्या घरांत पाळतां येणार नाहीं त्या घरानें कुत्रा आणूं नये.

आणि आमच्या देशांत या प्रश्नाला जी एक काळी कड आहे, तिच्याकडे डोळेझांक करून चालणार नाहीं. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानें होणारा रोग एकदां अंगावर उमटला, कीं जवळजवळ निश्चितपणें प्राण घेतो. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावरांनीं चावलेल्या माणसांत सुमारें ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुलें असतात. १८८५ सालीं पाश्चर यानें पॅरिस येथें ज्याच्यावर प्रथम लस चालविली, तो जोसेफ माइस्टर हाहि नऊ वर्षांचा मुलगाच होता, आणि तो जगला. तेव्हांपासून या रोगाला अडविण्याची विद्या माणसाच्या हातीं आहे. जखम ताबडतोब साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी. तिच्यावर हळद, चुना, तिखट कांहीं भरूं नये. आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. पोटांत चौदा सुया टोंचण्याचे दिवस गेले. आतां दंडांत चार-पांच टोंचण्यांनीं काम भागतें, आणि जखम खोल असेल तर तिच्यांत निराळें प्रतिविषहि भरतात. घरच्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यांत पहिली व पुढें दरवर्षीं लस टोंचून घेणें हें धन्याचें ऋण आहे, मर्जी नव्हे. आणि मुलाला घरांत सर्वांआधीं शिकवावयाचें तें हें, कीं कुत्र्याचा दांत किंवा नख लागलें तर रागें भरण्याच्या भीतीनें तें लपवूं नये. या लपविण्यानें मुलें गेलीं आहेत. ज्या घरांत मूल खरें सांगावयास भितें, तें घर कुत्रा पाळण्यास लायक नाहीं.

आतां बाजाराकडे वळूं. कारण आमच्या सुशिक्षितांची अक्कल सर्वांत अधिक येथेंच गहाण पडते. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातींत एका मुलामागें चालणारा चपट्या नाकाचा पग झळकला, आणि शहरोशहरीं मुलांनीं त्याच कुत्र्याचा हट्ट धरला. त्या चपट्या नाकानें त्या प्राण्याला उन्हाळ्यांत धड श्वास घेतां येत नाहीं, हें जाहिरातींत दिसत नव्हतें. पुढें सायबेरियांतील बर्फावर घसरगाडी ओढण्यासाठीं निपजलेला हस्की आला. त्याच्या अंगावर केसांचा दुहेरी थर; आणि त्याला ठेवावयाचें कोठें, तर मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो त्या नागपुरास! कुत्र्याला माणसाप्रमाणें अंगभर घाम येत नाहीं. जीभ बाहेर काढून धापा टाकणें हाच त्याचा पंखा. पण विकणारा हें सांगत नाहीं, आणि घेणारा विचारीत नाहीं. २०१७ च्या नियमांप्रमाणें पैदास करणाऱ्यानें नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांखालील पिलूं विकतां कामा नये. पण आमच्यापैकीं किती जणांनीं नोंदणीचा कागद पाहावयास मागितला असेल? आईपासून अवेळीं तोडलेलें, आजारानें पोखरलेलें पिलूं पंधरा-वीस हजारांस वाढदिवसाची भेट म्हणून घरीं येतें, आणि त्याच सोसायटीच्या फाटकाशीं, या हवेंत, या अन्नावर पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या जातीचें पिलूं फुकट मिळत असतां मोटारीखालीं मरतें. आम्हांस यांत भूतदयेपेक्षां प्रतिष्ठेचाच वास अधिक येतो. देशी कारवान किंवा मुधोळ कुत्र्याचें चित्र २००५ सालीं टपालाच्या तिकिटावर आलें; पण दिवाणखान्यांत अद्याप विलायती नांवच हवें.

पण या सर्वांहून मोठा हिशेब वर्षांचा आहे, आणि तो मात्र कोणीच करीत नाहीं. सहा वर्षांच्या मुलासाठीं आणलेला कुत्रा, मूल दहावीला बसतें तेव्हां दहा वर्षांचा म्हातारा झालेला असतो. मूल बारावीच्या शिकवण्यांत बुडालेलें असतें तेव्हां त्याच्या डोळ्यांवर सारा आलेला असतो, त्याचे मागचे पाय धरतात, आणि तो घरांतच लघवी करतो. मूल परगांवच्या कॉलेजास जातें तेव्हां तो दाराशीं बसून वाट पाहतो. म्हणजे ज्याच्यासाठीं तो आणला, तो त्याच्या म्हातारपणीं घरांत असणारच नाहीं, हें तो आणला त्याच दिवशीं ठरलेलें असतें. इतका अवघड हिशेब दूर राहो, बदलीचा हुकूम, नवें बाळ, नवें घर, एवढ्याशा कारणानेंहि त्याची रवानगी होते. २०२० च्या टाळेबंदींत करमत नाहीं म्हणून पिलें आणणारीं घरें होतीं, आणि कचेऱ्या उघडतांच तीं नकोशीं झालेलीं घरेंहि होतीं. मुलाला सांगण्यांत येतें, कीं त्याला गांवाकडे शेतावर पाठविला आहे. तेथें तो मजेंत आहे. हें शेत कोठें आहे तें मुलाला कधींच दाखविलें जात नाहीं. बहुधा तें घाटांतल्या एखाद्या वळणावर किंवा परक्या पेठेच्या नाक्यावर असतें. १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्यानें जनावराला असें उपाशी मरावयास टाकणें हा गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत! वाढदिवसाच्या केकवरील मेणबत्त्यासुद्धां याहून महाग पडतात.

मूल हें सर्व पाहत असतें. शेताची गोष्ट फार दिवस टिकत नाहीं. ज्याच्यावर आपण प्रेम केलें, तो अडचणीचा झाला म्हणजे त्याला दूर पाठवावयाचें आणि त्यावर एक गोड गोष्ट रचावयाची, हा धडा त्याच्या मनावर ठसतो. आणि हा धडा कुत्र्यांपुरताच राहतो, अशा भ्रमांत आईबापांनीं राहूं नये. म्हातारपण, दुखणें आणि अडगळ यांविषयीं घराचा काय न्याय आहे, तें मुलाला यांतूनच कळतें. भूतदया शिकविण्यास निघालेल्या घरानें शिकविलें तें हें.

तेव्हां आमचें मत कुत्रा पाळूंच नये असें आहे काय? मुळींच नाहीं. आमचें भांडण ‘मुलासाठीं’ या एका शब्दाशीं आहे. कुत्रा घरासाठीं आणावा, आणि घर म्हणजे त्यांतील कर्तीं माणसें. त्यांनीं आधीं स्वतःस चार प्रश्न विचारावे. मुलाची हौस तिसऱ्या महिन्यांत मेली, तर हा कुत्रा आम्हांस हवा आहे काय? रोज सकाळ-संध्याकाळ त्याला नेणारें माणूस कोण, आणि त्यानें स्वखुशीनें होकार दिला आहे काय? लस, औषध, परवाना, अन्न आणि म्हातारपणचें दुखणें यांचा खर्च तेरा वर्षें पेलेल काय? बदली झाली, बाळ झालें, तर तो कोठें राहील? या चारांचीं उत्तरें ज्या घराला न अडखळतां देतां येतात, त्यानें कुत्रा खुशाल आणावा. शक्य तर आश्रयगृहांतून किंवा रस्त्यावरून देशी आणावा. मूल सहा-सात वर्षांचें होऊं द्यावें. आणि आणल्यावर मुलाकडे पाणी भरणें, ताटली धुणें असें एखादें लहानसें काम सोंपवावें, तेंहि स्वतःच्या देखरेखीखालीं. असें घर मुलाला जें देईल तें कोणत्याहि शाळेंत मिळणार नाहीं, हें आम्ही आनंदानें मान्य करतों.

आणि ज्या घराला तीं उत्तरें देतां येत नाहींत, त्यानें मुलाला स्पष्ट नाहीं म्हणावें, आणि त्याचें खरें कारण सांगावें. आपल्यापाशीं एका जीवाला पुरेल इतका वेळ नाहीं, हें आईबापांच्या तोंडून ऐकणें मुलाला हितकारकच आहे. जनावरावर माया करण्यास त्याचा धनी व्हावें लागतें असेंहि नाहीं. गल्लींतला कानाचें टोंक कापलेला कुत्रा नसबंदी झालेला असतो, हें मुलाला दाखवावें; उन्हाळ्यांत फाटकाशीं पाण्याचें मडकें भरण्याचें काम त्याला द्यावें; शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांबरोबर त्यांच्या कुत्र्याला फिरवावयास पाठवावें. वर्षभर हें न कंटाळतां झालें, तर प्रश्न पुन्हां विचारास घेण्यास हरकत नाहीं.

युधिष्ठिरानें तो कुत्रा बाजारांतून आणलेला नव्हता, कोणाच्या हट्टासाठीं पाळलेला नव्हता. तो नुसता मागोमाग आला होता. त्याला आणल्याबद्दल व्यासांनीं राजाची थोरवी गाइली नाहीं. आश्रयास आलेल्याला, सर्व सोय पलीकडे उभी असतांहि, टाकला नाहीं म्हणून गाइली. आमच्या वाचकांनीं पिलूं घरीं आणण्यापूर्वीं आपलें बळ याच एका गोष्टींत तोलून पाहावें, आणि मुलाच्या डोळ्यांतील पाणी पाहून घाईनें वचन देऊं नये. तें पाणी चार दिवसांत सुकतें. नाक्यावर सोडलेला कुत्रा मात्र त्याच जागीं गाडीची वाट पाहत राहतो.